नेटवरचं देवक

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरची पाण्याची मोटर नुसतीच गुणगुणायला लागली, पाणी काही चढवेना. मिस्त्री गावाला गेलेला, म्हणून मी मोबाईलवर शोधलं. पहिल्या पानावर लिहिलं होतं, ‘आजच्या धावपळीच्या युगात पाण्याच्या मोटरीला अनन्यसाधारण महत्त्व आहे.’ दुसऱ्यावर मोटरीचे फायदे आणि तोटे. तिसऱ्यावर माणूस आणि पाणी यांचं अतूट नातं. शेवटी एका पानावर उपाय सापडला: जाणकार मिस्त्रीला बोलवावे.

असलं कोण लिहीत बसतं, असा मला प्रश्न पडला होता. उत्तर आमच्याच घरात होतं. माझा भाचा ओंकार.

ओंकार माझ्या बहिणीचा, चांगुणाचा, एकुलता एक. तिसगावजवळ त्यांची शेती. दाजी गेल्यापासून मायलेकरंच सगळं बघतात. मी नागापूरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळून रिटायर झालेला, त्यामुळे वडीलधारा म्हणून मिरवायचं काम माझ्याकडे. पोरगा कष्टाळू आहे. पण नवरा शेती करतो म्हटलं की मुलींचे बाप हातातला चहासुद्धा पुरा पीत नाहीत. म्हणून त्यानं जोडधंदा काढला. आमच्या काळी जोडधंदा म्हणजे कोंबड्या. याचा जोडधंदा म्हणजे कंटेंट.

‘आपली कुळं, आपली मुळं’ नावाची वेबसाईट. कॉम्प्युटरला आडनाव सांगायचं, की चहा उकळेपर्यंत तो त्या घराण्याचा इतिहास लिहून मोकळा. सगळी घराणी शूर, सगळी दानशूर. एकाचाही पूर्वज लढाईतून पळालेला नाही, एकानंही कधी शेजाऱ्याचा बांध कोरलेला नाही. मी विचारलं, “हे खरं हाय का रे?”

“मामा, लोकं वाचून खूश होत्यात.”

“खरं हाय का म्हनून इचारलं.”

“तुमी लई जुन्या वळनाचे,” म्हणाला.

असो. तर या पोराला अखेर एक स्थळ आलं. मिरजगावची दिशा, कर्जतला लॅबमध्ये कामाला. बघायला गेलो तेव्हा तिनं पोह्यांची ताटली पुढं करत सरळ विचारलं, “शेतात स्वतः राबता की नुसतं बांधावरून बघता?” ओंकारनं तळहात पुढं केले. ती हसली, हा लाजला. निरोप होकाराचा आला आणि चांगुणानं अख्ख्या वस्तीला पेढे वाटले. तिला एवढी हसताना मी दाजी गेल्यावर पहिल्यांदाच पाहिलं.

आता आमच्यात देवकाची भानगड असते. प्रत्येक घराण्याचं देवक ठरलेलं, कुणाचं एखादं झाड, कुणाचा पाला. लग्नाआधी ते वाजतगाजत आणून मांडवात बसवतात. दोन घराण्यांचं देवक एकच निघालं, तर ती माणसं भाऊभाऊ आणि पोरंपोरी बहीणभाऊ. सोयरीक संपली. ओंकारच्या घराण्याचं देवक पांचपालवी, म्हणजे पाच झाडांचा पाला. मुलीकडच्यांचं कळंब, म्हणजे कदंबाचं झाड. काही अडचण नव्हती. पिढ्यानपिढ्या अशी चौकशी थोरल्या माणसांना विचारून होते. पण दिशाच्या चुलत्यांनी, गोरक्षरावांनी, फोनला विचारलं.

तिसऱ्या दिवशी त्यांचा मला फोन. “पाव्हनं, सोयरीक व्हायची न्हाई. तुमचंबी कळंब, आमचंबी कळंब.”

“आवो, त्यांचं पांचपालवी हाय.”

“नेटवर कळंब हाय. इतिहासासकट हाय.”

मी ओंकारला विचारलं, तर त्याचं तोंड उतरलं. ते पान त्याच्याच वेबसाईटवरचं होतं. त्यानं कॉम्प्युटरला आपलंही आडनाव सांगितलं होतं, देवक सांगायचं राहिलं होतं. कॉम्प्युटर काही अडून बसला नाही. त्यानं मनानं कळंब बसवलं आणि वर कळंबाखाली कोण्या पूर्वजानं घेतलेली शपथही लिहिली.

“आरं, निदान सोताच्या घरान्याचं तरी वाचायचं.”

“मामा, येवढी पानं कोन वाचतंय?”

ज्यानं लिहिलं त्यानं वाचलं नव्हतं. तरी त्याच दिवशी त्यानं ते पान काढून टाकलं. पण तोवर दुसऱ्या वेबसाईटींनी ते उचललं होतं. त्यांच्यावरून एक व्हिडिओ निघाला होता, त्यात सहा बोटांचा सरदार कळंबाखाली शपथ घेत होता आणि खाली लोकांनी हात जोडले होते.

मग आम्ही मिरजगावला गेलो. सोबत पुरावा म्हणून दाजींची थोरली आत्या, आक्काबाई. घराण्यातल्या प्रत्येक लग्नात देवकाला ओवाळणारी बाई. ती गोरक्षरावांना म्हणाली, “माज्या भावांच्या लग्नात म्या हातानं पाला बांदलाय. पाच झाडांचा हुता. कळंब न्हवता.”

“आत्याबाई, तुमचं वय झालं,” गोरक्षराव नम्रपणे म्हणाले. “हितं धा ठिकानी कळंब लिवलंय. धाजन खोटं बोलतील व्हय?”

ओंकार उठून उभा राहिला. “काका, ते धाजन न्हाईत. मी एकलाच हाय. म्याच टाकलं हुतं, न वाचता. बाकीच्यांनी माजंच उचललंय. खोटं हाय ते.”

मला पोराचा अभिमान वाटला. गोरक्षराव मात्र विचारात पडले.

“म्हंजी ते खरं धरलं तर तुमी बहीनभाऊ,” ते म्हणाले, “आन् खोटं धरलं तर पोरगा लबाड. मी पोरगी कशी देऊ?”

आतल्या दारातून दिशा म्हणाली, “काका, लबाड मानूस असं घरी येऊन सांगत न्हाई. मला चालतंय.”

गोरक्षराव वाईट माणूस नव्हेत. त्यांनी कपाळ चोळलं. “बाई, माजाबी इस्वास बसलाय. पन भावकीला काय सांगू? भावकी फोन बघती. नेटवर नीट करा, मंग सुपारी फोडू.”

परत येताना ओंकार गाडीत गुणगुणत होता. घरी पोचताच कॉम्प्युटरला बसला. खोट्याला हरवायचं तर खरं जास्त पाहिजे, असा त्याचा हिशेब. मी म्हटलं, एकच पान लिही, पण हातानं लिही. त्याला दम नव्हता. त्यानं कॉम्प्युटरला सांगितलं, आमचं देवक पांचपालवी आहे, यावर भरपूर लिही. कॉम्प्युटरनं भरपूर लिहिलं. पांचपालवीचं महत्त्व, पांचपालवी आणि पर्यावरण, पांचपालवी आणि आजची तरुण पिढी. ओंकारनं नव्या नव्या नावांनी वेबसाईटी काढून ते सगळं नेटवर ओतलं.

महिन्याभरानं गोरक्षरावांचा फोन आला. मी चांगुणाच्या ओट्यावर बसलो होतो, म्हणून स्पीकरवर घेतला. शेजारी ओंकार, आत चुलीपाशी चांगुणा.

“पाव्हनं, आज भावकी बसली हुती. सगळ्यांम्होरं फोनला इचारलं. काय म्हनतोय, वाचून दावतो.” आणि ते शाळेत धडा वाचतात तसं वाचू लागले, “या घराण्याच्या देवकाबाबत अभ्यासकांमध्ये मतभेद आहेत. काहींच्या मते कळंब, तर काहींच्या मते पांचपालवी. मात्र काही पिढ्यांपूर्वी या घराण्याचा वंश खुंटला असल्याने नेमकी माहिती उपलब्ध नाही.”

ओंकार फोनकडं सरकला.

“आता भावकी मला इचारती,” गोरक्षराव म्हणाले, “वंश खुटला हाय, तर हे आपल्याकडं आल्ते ते कोन?”

मी म्हणालो, “गोरक्षराव, तुमी त्या पोराला डोळ्यांनी बघितलंय. तुमच्या घरात पोहे खाऊन गेलाय.”

“मी बघितलंय वो. पन आता माजं कोन ऐकतंय? राशीनचं एक स्थळ हाय, त्याला हो म्हनलंय आमी. दिशा लई रडली. पोराला सांगा, राग मानू नको.”

फोन बंद झाला. ओंकार आत जाऊन आपली पानं एकेक करून वाचू लागला, आयुष्यात पहिल्यांदाच. बऱ्याच वेळानं सापडलं. एका पानाच्या शेवटी कॉम्प्युटरला गहिवर आला होता आणि भरात त्यानं घराणं संपवून टाकलं होतं. “काढून टाकतो, मामा,” ओंकार म्हणाला. “आत्ताच्या आत्ता समदं काढून टाकतो.”

चांगुणा गायींची वैरण घेऊन आतून आली. पोराकडे पाहिलं, मग पडद्याकडे. तिला वाचता येत नाही असं नाही.

“ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “येवढं येकच खरं लिवलंय त्यानं.”

आणि ती गोठ्याकडे गेली.