रिकामं होणारं घर

मृत्यूपुढे सगळे सारखे असतात, असं म्हणतात. आमच्या शहरात मात्र मागे तीन खोल्या ठेवून जाणाऱ्याकडे जरा जास्त गर्दी होते.

हे शववाहिकेच्या ड्रायव्हरइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. रिकामं होणारं घर त्याला दलालाच्या आधी कळायचं. म्हणून एरवी ओळख न दाखवणारी माणसंही त्याला चहा पाजत आणि निघताना म्हणत, आमच्याकडे लक्ष असू द्या. शववाहिकेच्या ड्रायव्हरला असं सांगणारं शहर दुसरं असेलसं वाटत नाही.

तो स्वतः बायको, मुलगा आणि सुनेबरोबर एका खोलीत राहत होता. मधे पडदा. सुनेला सातवा महिना लागला होता. दुसऱ्या खोलीची सोय झाली नाही तर रविवारी आम्ही निघालो, घरं परवडतात तिकडे, असं मुलानं सांगून टाकलं होतं. बाळंतपण इथेच होणार, असं सुनेच्या आईला छातीठोकपणे सांगून बसलेल्या बायकोनं तेव्हापासून नवऱ्याशी अबोला धरला होता.

माणूस पोचवून झाल्याशिवाय घराचा विषय काढायचा नाही, हा ड्रायव्हरचा नियम होता. पण एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकटे राहणारे मास्तर आता थोड्याच दिवसांचे सोबती आहेत, असं त्यांच्या शेजारच्या बाईंकडून कळलं आणि त्याला धीर धरवेना. तेवढी लाज बाळगून त्यानं गाडी मागच्या गल्लीत लावली आणि तो वर गेला.

दार मास्तरांनीच उघडलं. भिंत धरून उभे होते.

"कोण हवंय?"

इतक्या वर्षांत गिऱ्हाइकानं त्याला प्रश्न विचारण्याची ही पहिलीच वेळ.

"कुणी नाही. सहज आलो होतो."

मास्तरांनी जास्त विचारलं नाही. आपणहूनच घर दाखवायला लागले. सकाळचा उजेड कुठून येतो, ओल कुठे धरते. टेबलावर फळांच्या पिशव्या तशाच पडल्या होत्या. बरेच जण येऊन जातात म्हणाले. परवा एकानं तब्येतीची चौकशी करता करता खिडकीला मापाची टेप लावली. आतल्या खोलीत ड्रायव्हरनं मनातल्या मनात पाळणा टांगला, आणि स्वतःचीच भीती वाटून तो बाहेर आला.

"जिना नीट पाहिलात ना?" मास्तर म्हणाले. "वळण अरुंद आहे. आडवं नेता यायचं नाही, उभं करून न्यावं लागेल. आणि खालच्या बाईंच्या कुंड्या आधी हलवून घ्या, नाहीतर मला खांद्यावर घेऊन भांडत बसाल."

ड्रायव्हर दाराकडे वळता वळता थांबला. "ओळखलंत होय?"

"गाडी मागे लावलीत. माझ्या खिडकीतून तेवढीच गल्ली दिसते."

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. ड्रायव्हर खाली बघत म्हणाला, "मास्तर, मुलगा रविवारी घर सोडून चाललाय. सून पोटुशी आहे. तुमच्यामागे या घराचं..."

"ते घरमालक बघेल. मी भाडेकरू आहे."

ड्रायव्हरनं टेबलावरच्या पिशव्यांकडे पाहिलं.

"बाकीच्यांना हे माहीत नाही?"

"सांगितलं तर यायचे थांबतील." मास्तरांनी एक पिशवी त्याच्यापुढे सरकवली. "तुम्हाला सांगायला हरकत नाही. तुम्हाला यावंच लागणार आहे."

उतरताना ड्रायव्हर वळणावर थांबला आणि त्यानं दोन्ही हात पसरून पाहिले. मास्तरांचा अंदाज बरोबर होता.

रविवारी मुलगा आणि सून निघाले. बायको सुनेच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, नवऱ्याकडे तिनं पाहिलं नाही. टेम्पोत सगळं सामान मावलं, पलंग तेवढा मावेना.

तो शववाहिकेत बरोबर बसला.