शेपटीतलं ऊन

विमानाच्या शेपटीत सूर्य उशिरा मावळतो, हे धन्यकुमारअण्णा मगदुमांना तिसऱ्या आठवड्यात कळलं, आणि तेही उपाशी पोटी. बाहेर, म्हणजे जयसिंगपुरातल्या त्यांच्या घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये, पावणेसातला दिवस मावळला होता. शेपटीच्या आतून त्यांची बायको राजमती म्हणाली, "ऊन हाय की अजून. एवढी ओळ होऊ दे, मग येते." ओळ झाली, बाई बाहेर आल्या, हातपाय धुऊन त्यांनी ताटं मांडली आणि अण्णा त्या ताटाकडे नुसते बघत बसले. मगदुमांच्या जैन घरात दिवस मावळल्यावर कुणी अन्नाचा कण तोंडात घालत नाही. चार पिढ्यांत कुणी घातलेला नाही. भाकरी सकाळी गाईला गेली.

आता ही बाई शेपटीत काय करत होती, ते सांगायला हवं. साखर कारखान्यात चौतीस वर्षं फोरमनकी केल्यावर अण्णांनी विमान बांधायला घेतलं. परदेशातून दोन लाकडी खोक्यांत भरून आलेलं, सुट्या भागांचं, एका माणसाचं विमान. सोबत चित्रांचं जाडजूड पुस्तक होतं आणि त्याच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं की, ज्याने जन्मात विमान बांधलेलं नाही त्यालाही हे जमेल. अण्णांचा त्या वाक्यावर फार विश्वास बसला. पुढे त्याच वाक्याचा त्यांना इतका राग आला की त्यांनी ते पान खिळ्याने भिंतीला ठोकून ठेवलं.

पत्रे रिव्हेटींनी जोडायचे तर दोन माणसं लागतात. एक जण बाहेरून हवेच्या गनने रिव्हेट ठोकतो, दुसरा आतून तिच्या टोकाला मुठीएवढा लोखंडी ठोकळा दाबून धरतो. त्या ठोकळ्याला डॉली म्हणतात. मधे पत्रा असल्यामुळे एकमेकांची तोंडं दिसत नाहीत. शेपटीचं तोंड जेमतेम हातभर रुंद, त्यातून अण्णांचे खांदे जाणं शक्य नव्हतं. राजमतीबाई अंगाने काडी. त्या चटईची गुंडाळी काखेत मारून आत शिरल्या. ठरलं असं, की आतून एकदा टकटक म्हणजे ठोका, दोनदा म्हणजे वाकडी बसली, काढा आणि पुन्हा मारा.

दोनदा टकटकच जास्त यायची. वाकडी रिव्हेट काढायची म्हणजे ड्रिलने तिचं डोकं उडवायचं, मग ती हलकेच बाहेर ढकलायची. तेवढ्यात भोक मोठं होतं, मग मोठी रिव्हेट शोधायची. अण्णांच्या नाकी नऊ आले. ज्या हातांनी टर्बाईन उघडून पुन्हा बसवलं, त्या हातांना आता घरातलीच बाई दिवसातून चाळीस वेळा वाकडं म्हणत होती, आणि तेसुद्धा न दिसता. एका दुपारी त्यांचा तोल गेला. ते शेपटीच्या तोंडाशी वाकून म्हणाले, "चालतंय तसंच. सगळ्या रिव्हेटी बघायला आत कोण जाणाराय?"

आतून एकदा टकटक झाली. त्या दिवसापासून दोनदा टकटक झाली नाही. प्रत्येक वेळी एकदाच यायची. कामाला घोड्याचा वेग आला आणि अण्णांना उगाचच वाटलं की आपला हात बसला.

शेपटी बाहेरून नऊ फूट होती. अण्णांनी टेपने तीनदा मोजली, कारण बाईंचा आवाज दर दिवशी लांबून यायला लागला होता. हाक मारल्यावर सोमवारी उत्तर लगेच यायचं, गुरुवारी मधे अण्णांचं सुपारी कातरून व्हायचं. काय गं, कुठपर्यंत गेलीस, असं विचारलं की त्या म्हणायच्या, जरा आत सरकलेय, इथं बरं हाय, मोकळं हाय. त्यांनी आधी पाण्याचा तांब्या मागितला. मग परात. मग तवा, तो तिरका करून द्यावा लागला. अण्णांनी प्रत्येक वस्तू आत ढकलली आणि प्रत्येक वेळी ती कुणीतरी लांबून ओढून घेतल्यासारखी सरकत गेली. स्टोव्ह देताना मात्र ते थांबले आणि म्हणाले की, विमानात स्टोव्ह चालत नाही, पुस्तकात तसं लिहिलंय. मग राहू द्या, चुलीवर करते, असं उत्तर आलं.

चवथ्या आठवड्यात राजमतीबाई बाहेर यायच्या बंद झाल्या.

अण्णांना आधी राग आला, मग भूक लागली, आणि भीती वाटली ती सगळ्यात शेवटी. संसाराच्या एकतीस वर्षांत त्यांनी चहासुद्धा स्वतः केला नव्हता. संध्याकाळी शेपटीच्या तोंडातून गरम भाकरीचा आणि आमटीचा वास यायचा, पण तोपर्यंत शेडमध्ये अंधार पडलेला असायचा. एकदा बाईंनी ताट सरकवत सरकवत तोंडापर्यंत पोचवलं. अण्णांनी ते हातात घेतलं आणि तसंच परत आत ठेवलं. भाकरी उजेडात भाजलेली असली तरी खाणारा अंधारात बसला होता.

त्यातून दुष्काळात तेरावा महिना, शेडमधला दिवस लवकर मावळायला लागला. आधी सहाला, मग पाचला. शनिवारी अण्णा दुपारी ड्रिलचं बिट बदलायला वळले आणि परत वळेपर्यंत तिन्हीसांज झाली होती. घड्याळात तीन वाजले होते. भिंतीपलीकडे शेजारचे बाळगोंडा चौगुले अंगणात चष्मा न लावता पेपर वाचत होते. अण्णांनी भिंतीवरून विचारलं की, तुमच्यात किती वाजले? बाळगोंडा म्हणाले, तीन, आणि असं तोंड करून का उभा राहिलायस, चल, आमच्यात दोन घास खा.

अण्णा गेले. बाळगोंडांच्या घराच्या पुढच्या सोप्यात लख्ख ऊन पडलं होतं. सुनेने ताट आणून ठेवलं. अण्णांनी पहिला घास उचलला तशी ताटावर सावली आली, मग पाटावर, मग भिंतीवर, आणि सुनेने निमूटपणे उठून दिवा लावला. अण्णांनी घास ताटात ठेवला. ते उठून बाहेर पडले तेव्हा मागे सोप्यात पुन्हा ऊन आलं. संध्याकाळ त्यांच्याबरोबरच आली होती आणि त्यांच्याबरोबरच परत निघाली होती. दुसऱ्याच्या घरी अंधार घेऊन जायचा आणि त्यांचा दिवा जाळायचा, हे काही माणसाला शोभणारं नव्हे. अण्णा पुन्हा कुणाकडे गेले नाहीत.

घरी येऊन त्यांनी ठरवलं की आता गोडीगुलाबी पुरे. शेपटीच्या तोंडावर शेवटचा पत्रा बसायचा होता आणि त्याच्या रिव्हेटी वेगळ्या होत्या. त्या बाहेरूनच बसतात, आत कुणी लागत नाही. अण्णांनी पत्रा तोंडावर टेकवला, चार चापांनी पक्का केला आणि मोठ्याने विचारलं की, बाहेर येतेस की कायमचं बंद करू?

बऱ्याच वेळाने आतून आवाज आला. "बरं केलासा. तिकडनं अंधार यायला लागला होता."

अण्णांनी चाप काढले, पत्रा कोपऱ्यात फेकला, आणि तो वाकला म्हणून पुन्हा स्वतःवरच चिडले. मग ते एका खोक्यावर बसले आणि त्यांना रडू आलं. बायको नऊ फुटांवर होती आणि तिच्यापर्यंत हात पोचत नव्हता. हात पोचत नाही याचंच त्यांना वाईट वाटत होतं. विमान उडेल की नाही, हा प्रश्न त्यांच्या डोक्यातून कधी गेला ते त्यांना आठवेना.

रविवारी शेडमध्ये दिवस उगवलाच नाही. दहाच्या सुमाराला पूर्वेला थोडं तांबडं फुटलं आणि तिथूनच परत गेलं. अण्णांनी अंदाजाने तांदूळ धुतले, पण पाण्याला आधण येईपर्यंत काळोख झाला. उजेड फक्त शेपटीच्या तोंडातून येत होता, बशीएवढा, पिवळा. अण्णांनी त्यात डोकं घातलं. लांबवर, खूप लांबवर, ऊन होतं.

खांदे अडकतील म्हणून ते थांबले, पण अडकले नाहीत. इतक्या संध्याकाळी उपाशी काढल्यावर त्यांच्या अंगावर आता खांदे असे उरलेच नव्हते. ते कोपरांवर सरकत आत गेले.

आत जायला वेळ लागला. पहिल्या काही हातांत रिव्हेटी गुळगुळीत होत्या, बोट फिरवलं तरी कळत नव्हत्या. मग 'चालतंय तसंच' म्हटलेल्या त्या दुपारनंतरच्या आल्या. वाकड्या, चेपलेल्या, पत्र्यापासून सुटलेल्या. पहिलीने सदरा धरला, दुसरीने फाडला, मग त्या सरळ बरगड्यांनाच लागायला लागल्या. अण्णांनी मोजायला सुरुवात केली आणि शंभरावर सोडून दिलं. प्रत्येक रिव्हेट त्यांनीच ठोकली होती, त्यामुळे शिवी द्यायला कुणी नव्हतं. शेपटी निमुळती होत होती. चित्रांच्या पुस्तकाप्रमाणे ती तशीच व्हायला हवी होती. एका चौकटीपाशी त्यांची कंबर अडकली. पुढेही जाईना आणि मागेही येईना.

पण तोंड उजेडात आलं होतं.

समोर सारवलेली जमीन होती, तीन दगडांची चूल होती, तिच्यापलीकडे शाळूचं कापलेलं रान आणि रानाच्या टोकाला बांध. सूर्य बांधाच्या वर हातभर होता. राजमतीबाई चुलीपुढे बसल्या होत्या. त्यांनी दोन पाट मांडले होते.

"आलासा?" त्या म्हणाल्या.

"अडकलोय."

"कुठं?"

"कमरेत."

"तिथल्याच लई वाकड्या हायत," त्या म्हणाल्या आणि त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली.

अण्णांनी हात पुढे काढायचा प्रयत्न केला. हात छातीखाली दाबले गेले होते. मागे, शेडमध्ये, त्यांच्या पावलांना अंधार गार लागत होता. बाईंच्या मागे बांधापर्यंत पसरलेलं ऊन मघापेक्षा थोडं तांबूस झालं होतं. ते गेलं तर मग ऊन कुठेच उरणार नव्हतं.

"बाहेर चल," अण्णा म्हणाले. "राहू दे विमान. घरी चल."

राजमतीबाईंनी भाकरी निखाऱ्यावर फुगवली, ताटात ठेवली, आमटी वाढली. मग त्या त्यांच्याकडे तोंड करून बसल्या. "पेटी आल्या दिवशीच बघितलं मी. एकच खुर्ची हाय त्यात. म्हटलं, आता हे विचारतील, तू कुठं बसणार म्हणून. न्हाई विचारलासा. मग माझी मीच जागा बघत बघत आत आले."

सूर्य बांधाच्या वर वीतभर राहिला होता.

"वाकड्याच होत्या त्या," अखेर ते म्हणाले. "तू दोनदा वाजवत होतीस ते बरोबर होतं. मला कळत होतं."

"व्हय," त्या म्हणाल्या. "ठाऊक हाय मला."

"दिवस मावळायलाय, राजमती."

"मग जेवा की आधी."

बाईंनी भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि पाटावर बसूनच हात लांब केला. तेवढ्याने पुरेना, तेव्हा त्या गुडघ्यांवर आल्या आणि पुढे झुकल्या. अण्णांनी मान ताणली. रिव्हेटी कमरेत रुतल्या आणि सगळी शेपटी थरथरली. त्यांनी आ केला. आमटीचा एक थेंब जमिनीवर पडला. घासात आणि ओठांत चार बोटांचं अंतर होतं, आणि सूर्य बांधाला टेकला होता.