चार माणसांचा चोथा

आमचं घर चार माणसांचं झालं ते यंत्रामुळे. त्याआधी एकवीस वर्षं आम्ही दोघंच होतो, मी आणि विद्याधर.

यंत्र मीच काढलेलं. नाशकात घरगुती उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीत मी डिझाइनचं काम करते. कॉफी गाळून झाली की उरलेला चोथा लोक सिंकमध्ये लोटतात, मग पाइप तुंबतो आणि मग घरात कोणी लोटला यावरून भांडणं होतात. तो चोथा वाळवून, दाबून त्याच्या वड्या पाडणारं छोटं यंत्र करायचं असं कंपनीत ठरलं. वडी कुंडीत घाला, कढईला घासा, नाहीतर फ्रीजमधला वास घालवायला ठेवा. आकार मिक्सरएवढा. आत चार कप्पे, कारण सर्व्हेप्रमाणे सरासरी कुटुंब चौघांचं. प्रत्येकाने आपला चोथा आपल्या कप्प्यात टाकायचा, यंत्र तो तोलून वडी पाडणार. पहिला नमुना चाचणीसाठी मी घरी आणला आणि ओट्यावर ठेवून प्लग लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलाशी चार माणसं होती.

एक अण्णा. पंच्याहत्तरीचे, कडक इस्त्रीच्या लेंगा-सदऱ्यातले. ते मला सूनबाई म्हणाले आणि विद्याधरला जावईबापू. आम्ही दोघांनी एकमेकांकडे ‘तुझ्याकडचे दिसतात’ अशा नजरेने पाहिलं आणि विषय तिथेच मिटला. दुसरी अन्विता, एकोणीस-वीस वर्षांची. तिने न विचारता साखरेचा डबा काढला, हलवून पाहिला आणि म्हणाली, “आई, साखर संपत आलीये.”

मी एकावन्न वर्षांची आहे. त्या दिवसापर्यंत मला असं कोणी म्हटलं नव्हतं. मी वाण्याच्या यादीत साखर लिहिली.

फ्लॅटलाही एक खोली जास्त आली होती. सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारलं तर त्यांनी नकाशा काढून दाखवला. खोली त्यात पहिल्यापासून होती आणि तिथे दोन खाटा काढलेल्या होत्या. मला नकाशे वाचता येतात, त्यामुळे मी वाद घातला नाही.

ते चार महिने फार छान गेले, हे सरळ सांगून टाकते. अन्विताच्या केसांच्या क्लिपा घरभर सापडायच्या, पुस्तकात, तांदळाच्या डब्यात, एकदा तर विद्याधरच्या चष्म्याच्या घरात. विद्याधर वर्तमानपत्राचं पान कोणाशी वाटून घेणारा माणूस नव्हे, पण तो शब्दकोड्याची उभी बाजू तिच्यासाठी सोडू लागला. अण्णा रोज दोन मोठे कप कॉफी पीत आणि कॉफी पूर्वीसारखी राहिली नाही म्हणत. पूर्वी ते कुठे कॉफी पीत होते, हे आम्ही विचारलं नाही. अन्विता मात्र अर्धाच कप घ्यायची, आणि तिची कॉफी म्हणजे कॉफीचा नुसता वास दाखवलेलं दूध. तिच्या कप्प्यातून निघणारी वडी नखाएवढी असायची. ती वडी अन्विता आपल्या मोगऱ्याला घालायची.

मग एका सोमवारी खासनीसांनी, म्हणजे आमच्या साहेबांनी, मला केबिनमध्ये बोलावलं. सर्व्हे नवा आला होता. आता सरासरी कुटुंब तिघांचं निघालं होतं. मी म्हटलं की चार कप्प्यांनी कोणाचं काही बिघडत नाही, एखादा रिकामा राहील.

“रिकामं काही ठेवायचं नाही,” खासनीस म्हणाले. “एक कप्पा काढा. त्यात काय एवढं?”

मी टाळाटाळ केली. दोन दिवस आजारी पडले, दोन दिवस फाइल सापडेना असं सांगितलं. पण ड्रॉइंग थांबलं तरी घर थांबेना. जेवणाचं टेबल आखडू लागलं. आधी कोपरं लागायची, मग गुडघे, मग चौघांनी ताटं पाळीपाळीने ठेवावी लागली. जास्तीच्या खोलीत अण्णांची खाट इंचाइंचाने अन्विताच्या खाटेला जाऊन टेकली. अण्णा चटई घेऊन हॉलमध्ये झोपायला आले आणि म्हणाले की पाठीला जमीनच बरी. शुक्रवारी मी तीन कप्प्यांच्या ड्रॉइंगवर सही केली. मी केली नसती तर शेजारच्या टेबलावरच्याने केली असती, आणि त्याला अन्विता माहीत नव्हती.

यंत्राबरोबर द्यायची पुस्तिकाही मीच लिहिली होती. तिच्यात पान नऊवर एक वाक्य होतं: कप्पे कमी केल्यास पुढील सात दिवसांत सर्वात कमी चोथा देणारी व्यक्ती मोजणीतून वगळली जाईल. लिहिताना मला ते अगदी निर्दोष वाटलं होतं. वगळली जाईल म्हणजे नेमकं काय होईल, ते मला माहीत नव्हतं. पानावर तेवढं लिहायला जागाही नव्हती.

मी ते वाक्य विद्याधरला वाचून दाखवलं. त्याने चष्मा काढून पुसला आणि नुसतं “बघू” म्हणाला. अण्णा चटईवर पडले होते, मला वाटलं झोपलेत.

“किती दिवस आहेत, सूनबाई?” त्यांनी विचारलं.

“सात,” मी म्हटलं.

अन्विताला आम्ही काही सांगितलं नाही. तिची परीक्षा होती.

माझ्या मनात काय आलं तेही सांगते, खोटं कशाला बोलू. अण्णा गेले तर बरं, असं आलं. आधी मी तिलाच जास्त कॉफी पाजून पाहिली. ती दोन रात्री टक्क जागी राहिली आणि तिसऱ्या सकाळी तिचे हात इतके थरथरत होते की तिला पेनचं टोपण लावता येईना. मी तिचा कप पुन्हा अर्धा केला आणि माझा चोथा गुपचूप तिच्या कप्प्यात टाकू लागले. सगळे उठायच्या आत मी माझी कॉफी गाळायची, झाकण उचलायचं, चमचा ठोकायचा, झाकण लावायचं. माझा कप्पा मी कोरडा ठेवला. जायचं तर मी जाईन, एवढं माझं ठरलं होतं, आणि ठरल्यावर मला बरं वाटत होतं.

यंत्रावर प्रत्येकाच्या वजनाचा आकडा दिसतो, पण मी फक्त तिचाच पाहत असे. तो भराभर वाढत होता. माझा चोथा इतका वजनदार असेल असं मला वाटलं नव्हतं. आपल्यात एवढं काही शिल्लक असतं याचा मला जरा अभिमानच वाटला.

सातव्या सकाळी झाकण लागेना. अन्विताचा कप्पा काठोकाठ भरून चोथा बाहेर आला होता. मी दुसरा कप्पा उघडला, तो माझा, कोरडा. तिसरा अण्णांचा. तो धुऊन पुसून ठेवल्यासारखा होता. चौथा विद्याधरचा, त्यातही कण नव्हता.

मी वळून पाहिलं. विद्याधर टेबलाशी बसला होता आणि त्याची नखं तपकिरी होती. अण्णांनी आपला उजवा हात सदऱ्याच्या खिशात घातला. सर्वात कमी देणारी व्यक्ती एकच असेल, हे मी गृहीत धरलं होतं. तिघं शून्यावर आले तर काय, हा विचार पुस्तिकेत राहून गेला होता. अशा चुका साध्या असतात आणि चाचणीतच सापडतात. मी विद्याधरच्या शेजारी बसले. त्याने टेबलाखाली माझा हात धरला. टेबल आता पुष्कळ मोठं वाटत होतं.

अन्विता केस पुसत आली. शेवटचा पेपर होता, ती खुशीत होती. तिने दूध तापवलं, कॉफी गाळली, चार कप मांडून भरले आणि प्रत्येकाच्या जागी एकेक ठेवला. मग हाका मारल्या. आई. बाबा. अण्णा. आम्ही तिघांनीही ओ दिली. ती खोल्यांमधून फिरून आली, गॅलरीत डोकावली, जिन्याचं दार उघडून पाहिलं.

“सकाळी सकाळी गेले कुठे सगळे?” ती म्हणाली.

“इथेच आहोत,” विद्याधर म्हणाला.

ती आमच्यासमोर बसली आणि आपला अर्धा कप संपवला. बाकीच्या तीन कपांवर साय धरली. तिने घड्याळ पाहिलं, रिक्षाला उशीर होत होता. ती उठली, अण्णांचा कप उचलला आणि सिंकमध्ये ओतला. अण्णांची खुर्ची रिकामी झाली. सदऱ्याची घडी तेवढी क्षणभर खुर्चीच्या पाठीला टेकलेली दिसली, मग तीही नाही.

तिने कप विसळून पालथा घातला आणि परत टेबलाशी येऊन दुसऱ्या कपाला हात घातला. तो माझा होता.