पाचवी जुडी

मित्रांनो, मी एक जुने सूप आहे. धान्य पाखडायला जाईल म्हणून बुरुडाने मला विणले. पण निपाणीत सुपाची गाठ आधी तंबाखूशी पडते. वीस वर्षे मी विड्या वळणाऱ्या गंगव्वाच्या मांडीवर आहे. एका कडेला पाने, दुसऱ्या कडेला तंबाखू आणि मधे तिचे दोन हात. पंचवीस विड्यांची एक जुडी, जुडीला पाव तास. वाकडी विडी कारखान्यात बाद होते, म्हणून ती वाकडी वळतच नसे. शेजारची मनुबाईही विड्या वळे. तिचे हात दमत, तोंड दमत नसे. जाता-येता माझ्यात डोकावून गंगव्वाची खोड काढायची, हा तिचा नेम.

त्या दिवशी सून मंगल साडेआठला अंगणवाडीत गेली. बाराला नळाचे पाणी गेल्यावर गंगव्वा मला घेऊन बसली. चार जुड्या घट्ट झाल्या. पाचवीला तिचा उजवा हात माझ्यावर ओल्या फडक्यासारखा पडला. दोरा सैल, विडीचे तोंड उघडे. तिने ती मोडून पुन्हा वळली; तीही वाकडीच.

मनुबाईने डोकावून पाहिले. "आक्का, विड्यास्नी बाक आलाय. आता तुमास्नी काठी द्याय पायजे," म्हणाली आणि हसत गेली. गंगव्वा गप्प. वीस वर्षांत मनुबाईचा टोमणा उत्तराशिवाय परत गेला नव्हता. मला कळले, पण सुपाला कोण विचारतो?

दीडला मंगल आली. तिने सासूला हसायला सांगितले, तर उजवा ओठ लोंबताच राहिला. हात वर करायला सांगितले, डावाच उठला. नाव विचारले, तर तोंडातून नुसता घोळ आला. तोवर गल्ली जमली. कुणी तेल चोळा म्हणाले, कुणी पाणी पाजायला आले. गंगव्वाचा दीर भरमूचे म्हणणे, वारं गेलंय. लकव्याचा झाडपाला देणारा उद्या गुरुवारी बसतो, उद्या नेऊ.

मंगलने तांब्या काढून घेतला. "उद्या न्हाय, मामा. आत्ता," म्हणाली आणि तिने १०८ ला फोन लावला.

गंगव्वाच्या डाव्या हाताने माझी कड धरली होती, ती सुटेना. म्हणून रुग्णवाहिकेत मीही चढले, विड्यांसकट. बेळगावपर्यंत मंगल सासूशी बोलत होती; सोबत चढलेली मनुबाई त्या वाकड्या विड्यांकडे बघत होती.

डोक्याचा फोटो काढून डॉक्टर आले तेव्हा साडेतीन झाले होते. रक्ताची गुठळी होती. ती विरघळवायचे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मग शेवटी नीट कधी होत्या, डॉक्टरांनी विचारले. मंगलला साडेआठच ठाऊक. तेव्हापासून सात तास झाले होते; डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली.

मंगलने माझ्याकडे पाहिले. चार जुड्या उचलून समोर ठेवल्या, शेजारी त्या वाकड्या विड्या. "बाराला बसत्यात. जुडीला पाव तास. ह्या चार धड हायत, सायेब."

कुणी बघितलंय का, असे डॉक्टरांनी विचारले. मनुबाई भिंतीला टेकली होती.

"पावणेएकला चुना मागितला, तवा आक्कानं मला दोन शिव्या घातल्या. एकला बघितलं, तर ह्या वाकड्या." मग मान खाली घालून म्हणाली, "मी चेष्टा केली."

बाकीची तपासणी उरकून डॉक्टरांनी इंजेक्शन दिले.

गंगव्वा वाचली. बोलते, पण अधूनमधून एखादे अक्षर गिळते. उजव्या हाताला विडी साधत नाही. माझ्यात ती तांदूळ निवडते. मनुबाई रोज येते, समोर बसून टोमणा मारते आणि उत्तर येईपर्यंत थांबते.

मित्रांनो, घरातल्या माणसाचे तोंड एका बाजूला ओघळले, एक हात जड झाला, बोलणे अडखळले, तर हसू नका, उद्यावर टाकू नका. किती वाजले ते बघून ठेवा आणि लगेच गाडी बोलवा. सगळ्यांच्या मांडीवर सूप नसते.

माझ्या कडेला अजून एक वाकडी विडी खोचलेली आहे. परवा मनुबाई ती काढून टाकायला गेली.

"ऱ्हाऊ दे गं," गंगव्वा सावकाश म्हणाली. "जल्मात तेवढी एक बाद विडी कामाला आली."