टाळूला न लागलेला ण

“माणसाचा सगळा इतिहास ‘शीण’ या एका शब्दात मावतो!” कोशकारांनी हात उंचावून जाहीर केलं, आणि एवढ्या श्रमानं दमून ते पुन्हा आरामखुर्चीत आडवे झाले.

समोरच्या खुर्चीत त्यांचे मित्र, निवृत्त मुद्रितशोधक, मान डोलावत होते. तिसऱ्या खुर्चीवर कोशासाठी टिपलेल्या ‘शीण’च्या चिठ्ठ्यांची चळत होती. चौथी खुर्ची घरात नव्हती.

तेवढ्यात कोशकारांची बायको आली. ती लाँड्रीत दिवसभर उभ्यानं इस्त्री करायची. घर इस्त्रीवर चालायचं आणि शब्दकोश घरावर. आज ती येताना डॉक्टरांकडे जाऊन आली होती. नवऱ्यानं एकदा ‘सोड ते काम’ म्हणावं, एवढंच तिला ऐकायचं होतं.

“अहो, जरा ऐकता का?”

“थांब गं. हे म्हणतात, शीण ‘क्षीण’पासून आला. मी म्हणतो, ‘शीर्ण’पासून. तुला काय वाटतं?”

“मला तर इस्त्रीपासून आला,” ती चौकटीला टेकत म्हणाली.

“वा वहिनी!” मुद्रितशोधक खुलले. “बोलीतलं एखादं जिवंत वाक्य द्या की.”

नवी नवरी असताना असं एक वाक्य ती रोज म्हणायची. ‘शीन नव्हे, शीण. जीभ टाळूला लाव,’ असं नवरा रोज शिकवायचा. शेवटी तिनं शब्दच टाकला. शीण काही टाकता आला नाही.

“मला शीन आलाय.”

“अरेरे, न!” कोशकार कळवळले. तिचे सुजलेले पाय पाहून ते कधी कळवळले नव्हते. “जन्म गेला, पण एक ण हिच्या टाळूला लागला नाही.”

“असू द्या हो! शीन हे फारसी लिपीतलं अक्षर. वहिनींना अक्षर आलंय!” दोघं पोट धरून हसले. “आणि इंग्रजीत शिन म्हणजे नडगी, बरं का.”

“तिथंच दुखतंय.”

“टिपून घ्या, टिपून घ्या!” कोशकारांनी चिठ्ठी ओढली.

“डॉक्टर म्हणाले, उभ्याचं काम बंद करा, नाहीतर पाय कायमचे जातील. सोडू ना मी?”

लेखणी थांबली. कोशकारांनी तिच्याकडे नीट पाहिलं. आवाजही मऊ केला.

“सोड की. मी कुठं नाही म्हणतोय? फक्त हा ‘श’ संपू दे. ‘ष’ तर चिमूटभर आहे. ‘स’ मोठा आहे खरा, पण तू धीराची आहेस.”

मुद्रितशोधकांनी पुन्हा मान डोलावली.

ती पाय ओढत तिसऱ्या खुर्चीपाशी गेली.

“अगं, तिथं नको! तिथं शीण ठेवलाय!”

“माहितीये,” ती म्हणाली. “तेवढा उचलून खाली ठेवा. मला बसायचंय.”