अप्पांच्या खिशातला सडपातळ फोन

मित्रांनो, मी स्वतःला जुना म्हटलं तर तुम्ही हसाल, कारण माझं वय जेमतेम सव्वा वर्षाचं आहे. पण आम्हा मोबाइलच्या घराण्यात सव्वा वर्षात धाकटी भावंडं येतात, दुकानाच्या काचेत दिमाखात बसतात, आणि आम्हाला कुणी विचारेनासं होतं. तर मी एक जुना, सडपातळ मोबाइल आहे. ‘सडपातळ’ हा शब्द मुद्दाम सांगतो, कारण माझी सगळी ऐट त्या एका शब्दावर उभी होती आणि माझी सगळी फजितीही त्याच शब्दाने केली.

मला घडवताना माझ्यात काय घातलं, यापेक्षा काय काय काढलं तेच सांगायला हवं. बॅटरी तासून लहान केली. खालच्या बाजूचा स्पीकर काढला आणि वरचा एकच ठेवला. दुसऱ्या सिमची जागा गेली, कानात घालायच्या वायरचं भोक गेलं, मागचे दोन कॅमेरे गेले. गावाला निघालेल्या माणसाने पिशवी हलकी करावी तसं त्यांनी मला हलकं केलं. मला त्याचं दुःख झालं नाही, उलट मी मनातून फुशारलो होतो.

उदगीरच्या एका मोबाइलच्या दुकानात मी काचेआड बसलो. माझ्या शेजारी एक जाडजूड भाऊ होता. त्याची बॅटरी दोन दिवस चालायची, आवाज रस्त्यापलीकडे जायचा, दोन सिम, चार कॅमेरे, सगळं भरलेलं. मी त्याला दिवसभर चिडवायचो. तो बिचारा काही बोलायचा नाही. आज कबूल करतो, तो माझ्यापेक्षा शहाणा होता.

दिवाळीच्या सुट्टीत मंजुश्री दुकानात आली. उदगीरचे किराणा दुकानदार गुरुपादप्पा यांची ती एकुलती लेक. चार महिन्यांपूर्वी तिला किनवटकडच्या जंगलात मुलींच्या एका वसतिगृहावर नोकरी लागली होती, आणि पहिल्या पगारातून बाजूला ठेवलेले पैसे घेऊन ती वडिलांसाठी फोन घ्यायला आली होती.

दुकानदार मल्लिनाथ सरळ माणूस. त्याने विचारलं, “ताई, वापरणार कोण?”

“अप्पा.”

“मग हा जाडा घ्या. आवाज लई मोठा हाय, आन बॅटरीचं तर बघायचंच काम न्हाई.”

मंजुश्रीने दोघांनाही हातात घेऊन पाहिलं. मग तिने एक गंमतच केली. जाडजूड भावाला मल्लिनाथच्या शर्टाच्या खिशात घातलं आणि म्हणाली, “आता जरा वाका बरं, पोत्यातून काही काढल्यासारखं.” मल्लिनाथ हसत हसत वाकला. मग मला खिशात घालून पुन्हा वाकायला लावलं. मी खिशात आहे की नाही हे त्याला कळलंसुद्धा नाही. मंजुश्री म्हणाली, “हाच द्या.”

त्यामागचं कारण सांगतो. गुरुपादप्पा लिंगायत, गळ्यात इष्टलिंग धारण करतात. शिवदोऱ्यात बांधलेली चांदीची लहानशी डबी, सदऱ्याच्या आत, बरोबर छातीवर. त्यांचा आधीचा जाडा फोन सदऱ्याच्या वरच्या खिशात असायचा. पोत्यातून साखर काढायला वाकलं की तो फोन डबीवर आपटायचा. प्रत्येक वेळी अप्पा डबीला हात लावून, तो हात कपाळाला लावून मगच साखर तोलायचे. लहानपणापासून दुकानात बसून अभ्यास केलेल्या लेकीने हे हजारदा पाहिलेलं होतं. म्हणून तिने मला निवडलं. यात तिचं काय चुकलं, तुम्हीच सांगा!

अप्पांनी मला खिशात ठेवलं, वाकून पाहिलं. डबीला धक्का लागला नाही. त्यांनी तोंडाने कौतुक केलं नाही, तो त्यांचा स्वभावच नाही. पण त्या दिवशी दुकानात आलेल्या प्रत्येकाला “आमच्या मंजूनं घेतला” एवढं सांगितल्याशिवाय सामान दिलं नाही. जुना फोन त्यांनी एका पाहुण्याला देऊन टाकला. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे आठ दिवस.

नवव्या दिवसापासून माझं खरं रूप दिसू लागलं.

अप्पांना थोडं कमी ऐकू येतं. ते कबूल करत नाहीत, पण येतं. जुन्या फोनचा आवाज खालच्या टोकातून यायचा, म्हणून फोन स्पीकरवर टाकून खालचं टोक कानाशी नेण्याची त्यांना सवय. माझ्या खालच्या टोकात तर स्पीकरच नाही! त्यातून आम्हा फोनांची एक रीत असते. रेकॉर्ड केलेला निरोप ऐकताना आम्हाला कानाजवळ नेलं की आम्ही मोठा आवाज बंद करतो आणि कुजबुजायला लागतो. तेव्हा अप्पा माझी मुकी बाजू कानाला लावायचे आणि मी वरच्या बाजूने हवेत कुजबुजायचो. समोर पिठाची गिरणी चालूच.

बॅटरीची तर आणखीच तऱ्हा. अप्पा सकाळी सातला मला चार्जरवरून काढून दुकानात नेत. दुकानात एकच प्लग आणि तो वजनकाट्याला. दुपारच्या उन्हात मी तापायचो, जीव कासावीस व्हायचा, आणि संध्याकाळ झाली की मान टाकायचो. मंजुश्रीला रेंज मिळायची ती फक्त संध्याकाळी, वसतिगृहामागच्या पाण्याच्या टाकीच्या चौथऱ्यावर चढून. तिथून ती साडेसहाला फोन करायची. आठवड्यातले चार दिवस मी त्या वेळी बंद असायचो. उरलेल्या तीन दिवशी ती भरभरून बोलायची, पोरींनी आज काय केलं, कोण रडलं, कोण पहिल्यांदा फळ्यावर आपलं नाव लिहून गेलं. आणि अप्पा ठरल्यासारखे म्हणायचे, “हूं. हूं. बरं हाय.”

त्यांना त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. हे फक्त मला ठाऊक होतं आणि मला सांगता येत नव्हतं. रोज लोकांचे निरोप पोचवणाऱ्या मला स्वतःचा एक निरोप कुणाला देता येत नाही, याचं वाईट मला त्या दिवसांत फार वाटलं.

मार्च उजाडला. एका मंगळवारी मंजुश्रीचा रेकॉर्ड केलेला निरोप आला. अप्पांनी तो नेहमीसारखा उलट्या टोकाने ऐकला, मान डोलावली आणि उत्तर म्हणून अंगठ्याचं चित्र पाठवलं. त्यांना टाइप करायचा कंटाळा. लेकीचं काहीही आलं की एक अंगठा, हा त्यांचा शिरस्ता. त्या दिवशी अंगठा पाठवून ते समाधानाने डाळ पाखडायला बसले. मी मात्र आतून गारठलो होतो, कारण निरोप काय होता ते मी ऐकलं होतं.

त्यानंतर मंजुश्रीचा फोन आला नाही. बुधवारी नाही, गुरुवारी नाही.

शुक्रवारी दुपारी मंजुश्रीची आई शिवगंगाबाई अप्पांचा जेवणाचा डबा घेऊन दुकानात आल्या. त्यांनी विचारलं, “मंजूचा फोन न्हाई तीन दिस झाले. काय म्हणली होती ती?”

“ठीक हाय म्हणली.”

“काय ठीक हाय?”

“आता ठीक म्हणजे ठीकच की!”

शिवगंगाबाई अप्पांना चाळीस वर्षं ओळखतात. त्यांनी मला उचललं, मंगळवारचा निरोप लावला. गिरणीच्या खडखडाटात त्यांनाही नीट ऐकू येईना. तेव्हा त्यांनी डाळीचा एक रिकामा स्टीलचा डबा ओढला, मला त्यात उभं केलं आणि निरोप पुन्हा लावला. डब्यात आवाज घुमला. इतक्या महिन्यांत अप्पांनी पहिल्यांदा माझ्यातून आपल्या लेकीचा आवाज ऐकला.

“अप्पा, लई दिवस विचार करून राहिले मी. फोन करते तर बंद असतो. लागला तर तुम्ही हूं-हूं करता. मी हिकडं आलेलं तुम्हाला पटलं न्हाई, तुम्ही तोंडानं म्हणत न्हाईत एवढंच. तुम्हाला दुखवून मला हितं राहायचं न्हाई. शनिवारी मॅडमकडं राजीनामा देते आन घरी येते. चालंल का, तेवढं फक्त कळवा.”

आणि त्याखाली अप्पांचा अंगठा.

अप्पा एकदम उठले. फोनवर फोन लावले. ‘संपर्क क्षेत्राबाहेर’ हे एकच उत्तर. साडेसहापर्यंत लावत राहिले, आणि बरोबर साडेसहाला मी त्यांच्या हातात बंद पडलो. मला तोंड लपवायला जागा नव्हती.

“उद्या शनिवार हाय,” अप्पा म्हणाले. “मी जातो.”

पहाटे पाचच्या एसटीने ते नांदेडला निघाले. तिथून किनवटकडे जाणारी रेल्वे. आयुष्यात ते त्या बाजूला कधी गेले नव्हते. मला शिवगंगाबाईंनी काठोकाठ चार्ज करून दिलं होतं, पण अप्पा दर दहा मिनिटांनी फोन लावत होते. भोकर गेलं तेव्हा मी अर्ध्यावर आलो. मग सागाची झाडं सुरू झाली, रेंज गेली आणि ती शोधता शोधता किनवट येण्याआधीच मी संपलो. एक गुपित सांगतो, मित्रांनो. फोन बंद पडला तरी त्याचे डोळे-कान उघडे असतात. पुढचं सगळं मी अप्पांच्या खिशाच्या कडेवरून, त्यांच्या छातीची धडधड ऐकत, पाहिलं आणि ऐकलं.

विचारत विचारत, ऑटोतून, मग पायी, ते वसतिगृहाच्या फाटकाशी पोचले तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. अंगणात मंजुश्री एका छोट्या मुलीची वेणी घालत होती. तिच्या हातातली रिबीन खाली पडली.

“अप्पा? तुम्ही? घरी सगळं बरं हाय ना?”

“कागद दिलास का?”

“दिला सकाळी.”

अप्पा पायरीवर बसले. “वापस घे माय.”

“तुम्हीच तर अंगठा पाठवला.”

“मला ऐकूच आलं न्हाई गं.” अप्पांना आपला आवाज किती मोठा होतो ते कळत नाही. सगळ्या मुली खेळ थांबवून बघू लागल्या. “ह्यातून मला तुझं काहीच ऐकू येत न्हाई. दिवाळीपासनं न्हाई. तू बोलून राहिलीस, एवढंच कळायचं. तेवढ्यावरच मी हूं म्हणत होतो.”

मंजुश्री त्यांच्यापुढे खाली बसली. “मग सांगितलं कामून न्हाई अप्पा?”

“कसं सांगू? पहिल्या पगारात घेतलास. लिंगाला धक्का लागू नये म्हणून घेतलास. त्याला नावं ठेवायची का मी?”

ती रडू लागली. अप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. इतक्या महिन्यांच्या हूं-हूंमध्ये अडकलेलं सगळं मग त्यांनी एका दमात सांगून टाकलं. लेक किनवटला आहे हे दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगतात. ती नोकरीला निघाली तेव्हा ते ‘जा’ एवढंच म्हणाले, कारण जास्त बोलले असते तर सगळ्यांसमोर डोळ्यांत पाणी आलं असतं. शेवटी त्यांनी वेणी अर्धी राहिलेल्या त्या मुलीकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, “हिची वेणी तरी पुरी कर आधी.”

वसतिगृहाच्या प्रमुख महानंदा मॅडम दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. त्यांनी सकाळचा कागद आणून मंजुश्रीच्या हातात दिला. “मी वर पाठवलाच न्हवता,” त्या म्हणाल्या. “ज्या बाईनं आठ महिन्यांत चाळीस पोरींची नावं आन रुसवे पाठ केले, तिचा कागद कोण एवढ्या घाईनं पाठवंल?”

पुढची व्यवस्था अगदी साधी झाली. मंजुश्रीने अप्पांना मल्लिनाथकडचा तो जाडजूड भाऊ घेऊन दिला. डबीवर आपटण्याचा प्रश्न शिवगंगाबाईंनी एका दुपारीत सोडवला. त्यांनी अप्पांच्या सगळ्या सदऱ्यांना बगलेखाली एक खोल खिसा शिवला. चार बोटं कापड आणि थोडा दोरा. हे दिवाळीतच सुचलं असतं, पण त्यासाठी कुणीतरी आधी बोलायला हवं होतं.

मी आता किनवटला असतो, मंजुश्रीच्या टेबलावर, प्लगच्या शेजारी. इथे मला लांब चालायचं नसतं. रविवारी संध्याकाळी टाकीच्या चौथऱ्यावर बसून मुली आपापल्या आयांशी माझ्यावरून बोलतात. त्यांचे कान कोवळे आहेत, माझा बारीक आवाज त्यांना पुरतो. इवल्याशा हातांत मी छान मावतो, आणि हलका म्हणून कुणाच्या हातातून सुटत नाही. माझ्यातलं जे अप्पांना उपयोगाचं नव्हतं, ते इथे उपयोगी पडतं. मी वाईट नव्हतो, मित्रांनो, मी फक्त चुकीच्या खिशात होतो.

परवा रेंज चांगली होती. मंजुश्रीने माझ्यावरूनच घरी फोन लावला आणि मुद्दाम अगदी हळू विचारलं, “अप्पा, जेवलात का?”

पलीकडून लगेच उत्तर आलं, “न्हाई अजून. तुझं ऐकून झालं की जेवतो.”

तिने मला खाली ठेवून आधी डोळे पुसले. अप्पाच मग दोनदा ‘हॅलो’ म्हणाले.

म्हणून माझी तुम्हाला विनंती आहे. मला खुशाल विकत घ्या, माझ्या सडपातळपणाचं कौतुकही करा, मला ते अजून आवडतं. पण घरातल्या मोठ्या माणसाच्या हातात फोन देऊन लगेच निघून जाऊ नका. त्यांच्या शेजारी बसा, ते तो कसा धरतात, कोणत्या कानाला लावतात ते बघा. आणि ते नुसतं ‘हूं’ म्हणाले तर रागावू नका. जवळ जाऊन विचारा, “ऐकू येतंय का?” आणि उत्तर येईपर्यंत थांबा.