मे महिन्यात मापलेली जागा

कमालभाई एकवीस वर्षं कतारमधल्या रास लफानच्या गॅस प्रकल्पात ड्राफ्ट्समन. कुठला पाइप कुठल्या पाइपाखालून जातो, झोपेत विचारा, सांगतील. पण माणूस दमला होता हो. पहाटे बस, संध्याकाळी बस. शुक्रवारी कपडे धुवायचे आणि गावी बायकोला, सुगराला, व्हिडिओ कॉल लावायचा. गावात घर उभं राहिलं की इथलं खलास करून कायमचं परतायचं, हे आठ वर्षांपूर्वी ठरलेलं. ठरवायला काय जातं! आता कुठे चिरा येऊन पडला होता, सोमवारी पाया खणायचा होता. आणि इकडे ऑफिसने आणखी दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट सहीला पाठवलं होतं.

त्या शुक्रवारी लेकीने, अनमने, काम लावलं. शाळेच्या प्रोजेक्टला तिने साम्युएल द शांप्लँ निवडला होता, चारशे वर्षांपूर्वी कॅनडाचे किनारे रेखाटत फिरलेला फ्रेंच दर्यावर्दी. घरात ड्राफ्ट्समन असताना नकाशासाठी मी कशाला घाम गाळू, असं तिचं म्हणणं. कमालभाई कुरकुरले, पण बसले. पोर वर्षभरात दुसरं मागते तरी काय?

शांप्लँवर मात्र त्यांचा जीव जडला. विसाहून जास्त वेळा समुद्र ओलांडलेला गडी, आणि बायको बहुतेक काळ तिकडे फ्रान्सात. "आपल्यातलाच की हा," ते खोलीतल्या वसईच्या एडविनला म्हणाले. शांप्लँने काढलेला एका बेटाचा नकाशा ते उतरवत होते आणि अनम कॉलवर माहिती वाचत होती. बेट जूनमध्ये निवडलं, हिरवंगार, चहूकडून सुरक्षित. मग हिवाळा आला. नदीत बर्फाचे तुकडे धावू लागले, काठावर जाता येईना, सरपण नाही, गोडं पाणी नाही. एकोणऐंशीपैकी पस्तीस माणसं मेली. पुढच्या वर्षी घरं मोडून दुसरीकडे न्यावी लागली.

"हिवाळ्यात ती जागा कुणी बघितलीच नव्हती, अब्बा."

कमालभाईंचा हात थांबला. घराची जागा सुगराच्या माहेरची, डोंगराच्या पायथ्याशी. ती त्यांनी स्वतः टेपने मापली होती, रजेत. आणि घरची सगळी लग्नं मे महिन्यात, म्हणून रजाही दरवर्षी मे महिन्यात. एकवीस वर्षांत या माणसाने कोकणातला पाऊस पाहिला नव्हता! जागेतून एक खोलगट वाट जात होती, घराच्या नकाशात तिच्यावर त्यांनी पडवी काढली होती. त्या वाटेत गोल, गुळगुळीत गोटे होते. पाण्याशिवाय दगड गुळगुळीत कोण करतो? गवंड्याने शंका काढली तेव्हा त्यालाच झापलं होतं. अति शहाणा, त्याचा बैल रिकामा.

लाजेने त्यांचे कान तापले. त्यांनी फोन आईकडे द्यायला सांगितला.

"सुगरा, त्या वाटेतनं पावसात पाणी जातं?"

"कमरेएवढं."

"मग बोलली का नाहीस?"

"घर झालं की येणार म्हणालात. जागा बदला म्हटलं असतं तर आणखी आठ वर्षं काढली असती तुम्ही तिकडे. म्हटलं, घर पाण्यात गेलं तर जाऊ दे, तुम्ही तरी याल."

रागवायला हवं होतं, पण कमालभाईंना रडू आलं. एडविनने तोंड फिरवलं. त्यांनी सोमवारचं खणणं थांबवायला सांगितलं आणि आपण जूनमध्ये येतोय म्हणाले.

"जूनमध्ये रजा मिळेल?" सुगराने विचारलं.

"रजेवर नाही. कायमचा येतो. घर नसलं तरी येतो."

सुगराने फोन अनमच्या हातात दिला आणि सोमवारी येऊ नको म्हणून गवंड्याला सांगायला निघाली.